त्रेपन्न सुरांची पेटी आणि बेलग्रेडचा स्लावेन्स्की

आमच्या भजनी मंडळात पेटी माझ्याकडे असते. मला वाजवण्यापेक्षा ती उघडून बसण्यात जास्त रस, असं मंडळातल्या बायका म्हणतात आणि ते खरंच आहे. पितळी सुराची जीभ टोकाशी किंचित घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. इतकं साधं तंत्र, पण त्यात दुपार कशी जाते कळत नाही. त्यातून मिरजेत राहायचं म्हणजे कान नको तितके शहाणे होतात. नीट जुळलेला तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतून गंधार आपणहून बोलतो, तो स्वयंभू गंधार. त्याच्याशेजारी पेटीतला गंधार वाजवून बघा. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा गंधार जवळजवळ १४ सेंट चढा निघतो. एकदा हे कानाला कळलं की सुटका नाही.

या १४ सेंटांच्या मागे लागूनच मी स्लावेन्स्की या बेलग्रेडच्या संगीतकारापर्यंत पोचले.

सप्तकाचे १२ऐवजी ५३ सारखे भाग केले, तर पंचम जवळपास बिनचूक लागतो आणि गंधारातली चूक दीड सेंटाच्या आत येते. इंग्लंडमधल्या रॉबर्ट बोझँकेटने एकोणिसाव्या शतकात अशी हार्मोनियम खरोखर करवून घेतली होती. याच माणसाने १८७७ मध्ये हिंदू सप्तकविभागणीवर, म्हणजे आपल्या श्रुतींवर, निबंध लिहिला. पुढे आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक काढलं, क्लेमेंट्स नावाच्या आय. सी. एस. साहेबाबरोबर श्रुतींच्या पेटीचा खटाटोप केला आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मदतीला होता. हा भाग इकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना तोंडपाठ असतो. मला वेगळंच हवं होतं: ५३ सुरांच्या पेटीसाठी मुद्दाम कुणी संगीत लिहिलंय का?

लिहिलंय. योसिप श्टोल्त्सर-स्लावेन्स्की, १९३७. नैसर्गिक स्वरपद्धतीतली रचना. पहिला भाग बोझँकेटच्या पेटीसाठी, दुसरा चार ट्राउटोनियम आणि टिंपनी या नगाऱ्यांसाठी. ट्राउटोनियम म्हणजे १९३०च्या सुमारास बर्लिनमध्ये निघालेलं विजेवरचं वाद्य. त्यात ताणलेली तार बोटाने दाबायची, त्यामुळे मींडसुद्धा निघते. ज्यांच्याकडे मी पेटी दुरुस्तीला देते त्या काकांना हे उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, “एका सप्तकाला त्रेपन्न सूर? मजुरी कोण देणार?”

तर हा स्लावेन्स्की. जन्म १८९६, चाकोवेत्स गावात. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. वडील पावभट्टीवाले, आणि पोरगाही तेच काम शिकलेला. १९१३ मध्ये बुडापेस्टला गेला, कोदाय या हंगेरियन संगीतकाराकडे शिकला, मग महायुद्ध. ते संपल्यावर पुन्हा काही काळ भट्टीवर, आणि नंतर प्रागला व्हितेझस्लाव नोवाक या चेक संगीतकाराकडे. १९२४ पासून बेलग्रेडमध्ये शिक्षकी, आणि १९५५ मध्ये तिथेच मृत्यू. जर्मनीतली शॉट ही नामांकित प्रकाशनसंस्था त्याचं संगीत छापत होती, म्हणजे हयातीत तो काही अगदी कोपऱ्यात पडलेला माणूस नव्हता. नंतर पडला. जन्मगाव क्रोएशियात, कर्मभूमी सर्बियात आणि ज्या देशाचा म्हणून तो ओळखला गेला तो युगोस्लाव्हिया नकाशावरच उरला नाही. अशा माणसाची पुण्यतिथी कोणी करायची?

मी आधी ‘बाल्कनोफोनिया’ ऐकलं. १९२७ची रचना. १९२९ मध्ये एरिख क्लायबर या ऑर्केस्ट्रा-संचालकाने ती बर्लिनमध्ये वाजवली, तेव्हा तिचं बरंच नाव झालं. नेमकं बोलायचं तर ही सिंफनी नाही, सात तुकड्यांची माळ आहे: सर्बियन नाच, अल्बेनियन गाणं, तुर्की दर्विशांचा (सूफी फकिरांचा) नाच, ग्रीक गाणं, रुमानियन नाच, मग ‘माझं गाणं’ आणि शेवटी बल्गेरियन नाच. यादी पुन्हा वाचा. प्रत्येकाला जमातीचं नाव, आणि स्वतःच्या वाट्याला नुसतं ‘माझं’. ना क्रोएशियन, ना मेजिमुर्येचं, म्हणजे चाकोवेत्सच्या मुलखाचं. त्या काळात, त्या मुलखात, हे नाव ठेवायला धाडस लागत असणार असं मला वाटतं.

कानाला काय लागतं ते सांगते. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा म्हटलं की सतत हलणारी हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी, आपल्याला दमवते. कुठे उभं राहायचं तेच कळत नाही. स्लावेन्स्की बऱ्याचदा खाली एक सूर धरून ठेवतो आणि वर चाल फिरवतो. दर्विशांच्या नाचात तर एकच फेर पुन्हा पुन्हा येत राहतो आणि त्याचा जोर वाढत जातो. ज्यांनी रात्री उशिरा रंगलेला गजर ऐकलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कोदाय आणि त्याचा हंगेरियन सहकारी बार्टोक यांच्या वळणाचंच हे काम आहे, लोकगीत खरवडून मुळापाशी जायचं. पण ते दोघं शोधकाच्या शिस्तीने करतात, हा घरच्या माणसाच्या मोकळेपणाने.

मग ‘सिंफनी ऑफ द ओरिएंट’. १९३४ची, मूळ नाव ‘रिलिजिओफोनिया’. एकल गायक, मोठा कोरस, ऑर्केस्ट्रा. इथेही सात भाग: आदिम पूजक, ज्यू, बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान, त्यानंतर ‘संगीत’, आणि शेवटी ‘श्रमाचं गाणं’. जगभरातल्या श्रद्धा एका रांगेत मांडायच्या, हा बेत ऐकूनच मी जरा सावध झाले होते. असल्या कामात प्रदर्शनाचा वास येतो, प्रत्येक धर्माला एकेक दालन. तसा तो इथेही थोडा येतो. बौद्ध आहेत आणि हिंदू नाहीत, हेही आपल्याला खुपणारच. बुद्धाला घेऊन गेला आणि त्याच्या शेजाऱ्यांना सोडून गेला, दुसरं काय! पहिला भाग मात्र मला सगळ्यात आवडतो. तिथे ग्रंथ नाही, देवाला नाव नाही, नुसता माणसांचा आवाज आणि ठेका. कोरसला इतकं उघडं, रांगडं ठेवायला भलतीच हिंमत लागते.

खरी गंमत पाचव्या भागानंतर आहे. पाच धर्म झाल्यावर सहाव्या जागी संगीतच बसवलंय, जणू तीही एक श्रद्धा, आणि सातव्या जागी काम. कुणी म्हणेल हा डाव्या विचारांचा काळ होता, त्याचा परिणाम. असेलही. पण पहाटे उठून कणीक मळलेल्या माणसाला श्रमाचं गाणं लिहायला पोथी वाचावी लागत नाही. इकडे सावता माळ्याचा अभंग म्हणणाऱ्याला यात काही परकं वाटू नये: कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी.

आणि एकच माणूस १९३४ मध्ये सगळे देव एका सभेत बसवतो आणि १९३७ मध्ये सप्तकाचे ५३ तुकडे करतो, यात मला विसंगती दिसत नाही. बारा पट्ट्यांच्या पेटीत ज्यूंचं, तुर्कांचं, मेजिमुर्येच्या बायकांचं गाणं मावत नाही, हे कानाने ओळखल्यावर पुढची पायरी पेटी बदलणं हीच.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी सिंफनीपासून सुरुवात करू नये. ‘बाल्कनोफोनिया’ घ्या, तेही दर्विशांपासून. मग ‘माझं गाणं’. ते आवडलं तर सिंफनीचा पहिला भाग लावा, मधले चार आपापल्या धीराप्रमाणे, आणि शेवटचे दोन सलग. हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा खर्ज मरतो आणि तोच तर ऐकायचा आहे.