तेरा अमिनो आम्लांचे पेप्टाइड स्वतः बनवताना: माझा अनुभव

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरांवर (एमएसएचसारखी संप्रेरके ज्यांना चिकटून काम करतात अशा पेशींवरील प्रथिनांवर) काम करायचे ठरले, तेव्हा पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) विकत आणण्याआधी एकदा तरी स्वतः बनवून पाहा, असे आमच्या मॅडमनी सुचवले. मी एनडीपी-एमएसएच निवडले. शरीरात तयार होणाऱ्या अल्फा-एमएसएच या संप्रेरकाच्या चौथ्या जागी मेथिओनिनऐवजी नॉरल्युसिन आणि सातव्या जागी फेनिलअलॅनिनचे डी रूप (नेहमीच्या एल रूपाची आरशातली प्रतिमा) बसवले की ते तयार होते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील व्हिक्टर ह्रुबी, मॅक हॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ते प्रसिद्ध केले. मूळ पेप्टाइडपेक्षा ते अधिक प्रभावी आहे आणि अधिक काळ टिकते, म्हणून रिसेप्टरांच्या अभ्यासात ते आजही वापरले जाते.

साखळी शेवटाकडून सुरुवातीकडे बांधत जायची असते, त्यामुळे रेझिनवर (ज्या बारीक मण्यांवर साखळी वाढवतात त्यांवर) पहिले व्हॅलिन बसले. दर जोडणीनंतर कायझर चाचणी (न जोडलेले अमाइन गट रंगाने दाखवणारी) करायची. मणी निळे झाले तर जोडणी अपुरी समजायची. प्रोलिनवर लायसिन जोडल्यावर मात्र मणी निळे झाले नाहीत म्हणून मी निर्धास्त झाले होते. प्रोलिनचा दुय्यम अमाइन नेहमीचा निळा रंग देतच नाही आणि तिथे क्लोरॅनिल चाचणी करावी लागते, हे शेजारच्या बाकावरच्या वरिष्ठ सहकाऱ्याने वेळीच सांगितले. चाचणीत हिरवट मणी दिसले, म्हणजे जोडणी अपुरी होती, आणि ती जोडणी मी पुन्हा केली.

खरी अडचण शेवटी आली. रेझिनवरून सोडवलेली पांढरी भुकटी मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) दिली, तर दुहेरी भाराचे अपेक्षित शिखर ८२४ च्या आसपास होतेच, पण ९५० पाशी त्याहून मोठे शिखर उभे होते. भार दुहेरी असल्याने फरकाची दुप्पट करायची, ती २५२; म्हणजे जोडणीच्या वेळी आर्जिनिनची बाजूची शाखा झाकून ठेवणारा पीबीएफ हा संरक्षक गट तसाच राहिला होता. हे गट काढणाऱ्या ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्लात दीड तास पुरेल हा माझा अंदाज चुकला होता. तीच भुकटी त्याच मिश्रणात आणखी दोन तास ठेवून थंड ईथरमध्ये पाडली, तेव्हा ९५० चे शिखर गेले.

तरीही एक प्रश्न मनातून जात नव्हता. डी आणि एल फेनिलअलॅनिनच्या बाटल्या शेजारी शेजारी असतात, दोन्हींतली भुकटी पांढरी आणि वस्तुमानही तेच. चुकीची बाटली उचलली गेली असती, तर वस्तुमानाच्या मोजणीला ते कळलेच नसते. माझ्या वहीत बाटलीचा क्रमांक लिहिलेला होता, तरीही मी विकतचा प्रमाणित नमुना मागवला आणि दोन्ही एकत्र मिसळून एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) चालवले. एकच टोकदार शिखर आले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तराजूवरच्या एक मिलिग्रॅम भुकटीत क्षार आणि पाणीही असते, म्हणून ट्रिप्टोफॅन व टायरोसिनच्या २८० नॅनोमीटरवरील शोषणावरून मी खरे प्रमाण काढले. त्याशिवाय रिसेप्टरवरील परिणामकारकतेच्या आकड्याला अर्थच उरत नाही, असे माझे ठाम मत आहे. मग एमसी४ हा मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टर असलेल्या पेशींवर सीएएमपी (रिसेप्टर सक्रिय झाल्यावर पेशीत वाढणारा संदेशवाहक रेणू) मोजले. माझ्या पेप्टाइडचा आलेख अल्फा-एमएसएचच्या डावीकडे, म्हणजे कमी मात्रेत परिणाम दाखवणारा आला. उरलेले पेप्टाइड लहान लहान कुप्यांत विभागून उणे २० अंशांवर ठेवले आहे, आणि प्रत्येक कुपीवर मोजलेले प्रमाण व तारीख मी स्वतः लिहिली आहे.