गॅदरिंगची मागची बाजू

कोल्हापुरातल्या आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हायचं. दिवाळीची सुट्टी संपली की त्याची गडबड सुरू. पत्रिकेवर 'वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण समारंभ' असं भारदस्त छापलेलं असे, पण शिपाईमामांपासून मुख्याध्यापिका बाईंपर्यंत सगळे त्याला गॅदरिंगच म्हणत. माझ्या वर्गातल्या कुणालाही आज विचारा, कुठल्या वर्षी कुठल्या गाण्यावर नाच बसवला होता, कुणाचे घुंगरू ऐन स्टेजवर सुटले, सगळं धडाधड सांगतील. मी नाचात कधीच नव्हते. मी मागच्या बाजूला असायचे. पडदा, हस्तलिखित आणि शेलापागोट्यांची पेटी, ही माझी खाती. आज मी चित्रकलेचं शिक्षण घेतेय, जमेल तसं लिहितेही. या दोन्हींची मुळं शोधायला गेले की मी हमखास त्या मागच्या बाजूलाच पोचते.

आधी पडद्याविषयी. अडगळीच्या खोलीत बांबूला गुंडाळलेले रंगवलेले पडदे होते: जंगल, राजवाडा आणि रस्ता. जुन्या नाटकांना एवढ्यावर भागत असावं. आमच्या वेळेपर्यंत शाळाशाळांतून मागे फ्लेक्स लावायची पद्धत पडली होती आणि आमच्याकडेही शिक्षकांच्या बैठकीत तसंच ठरत आलं होतं. ड्रॉइंगचे सर तेवढे अडून बसले. "फ्लेक्सवर लाइट मारला की चमकतंय, माणसं दिसत नाहीत," एवढाच त्यांचा मुद्दा होता आणि तो खरा होता. मग जंगलाचा पडदा बाहेर निघाला. उंदरांनी एक कोपरा खाल्लेला, मधोमध ओलीचा डाग, घडीवरचा रंग पापुद्रे धरून सुटलेला. सरांनी सातवी-आठवीतली आम्ही काही मुलं निवडली आणि शनिवारी शाळा सुटल्यावर हॉलमध्ये बोलावलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सरस, म्हणजे रंग धरून ठेवणारा गोंद, पाहिला. वडीसारखे पिवळट तुकडे गरम पाण्यात विरघळवायचे, त्यात भुकटीचा रंग कालवायचा. वास असा की नाचाची प्रॅक्टिस करणाऱ्या मुली ओढण्या नाकाला लावून दुसऱ्या मजल्यावर पळाल्या. सरस कमी पडला तर वाळल्यावर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर कापड कडक होऊन तडकतं. शिवाय हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की एकदम फिकट पडतो. म्हणजे जुन्या हिरव्याशी जुळवायचा तर जुळलेला दिसेल असा लावून चालतच नाही. सर एका रद्दी कागदावर रंगाचा फटकारा मारत, तो उन्हात धरत, वाळेपर्यंत थांबत आणि मग पडद्याशी लावून बघत. तोवर आम्ही चुळबुळ करायचो. ते म्हणायचे, "गडबड करू नका गा. झाड उगवायला वर्षं लागत्यात, तुम्हाला दहा मिनिटं जड जात्यात व्हय?"

या थांबण्याच्या वेळात ते गोष्टी सांगत. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री घराण्यातल्या भावांच्या गोष्टी. बाबूराव पेंटर म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो, पण त्याआधी हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते आणि त्या कामात त्यांचं मोठं नाव होतं. सिनेमाचा कॅमेरा आपल्या हातानं घडवायचा ध्यास दोघांनी घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि बाबूरावांनी तो पुढे पुरा केला. सर हे इतिहासाच्या तासासारखं सांगत नसत. पडद्यावरचं एखादं झाड दाखवून म्हणत, "हे बघ, लांबचं झाड निळसर आहे. पेंटर लोकांचं हे गणित. प्रेक्षक पन्नास फुटांवर बसलाय, त्याला पान न् पान काढून दाखवायचं नसतं." आमच्या पडद्याचा चित्रकार कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या झाडांना हात लावताना मला त्याची चांगलीच भीती वाटली होती. वर्गात वही रंगवताना अशी भीती कधी वाटली नव्हती.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांबद्दल मला तक्रार नाही; हात बसतो तो त्या परीक्षांमुळेच. पण स्मरणचित्रात आम्ही सगळ्यांनी तोच बाजार काढला होता. तीच छत्रीवाली भाजीवाली, तोच पिशवी धरलेला माणूस, कोपऱ्यात तेच कुत्रं. स्मरण कुणाचं होतं देव जाणे. पडद्याची मात्र कुणीतरी वाट बघत होतं. अमुक तारखेला संध्याकाळी तो वर चढणार आणि त्याच्यापुढे पाचवीतली मुलं वनवासाला निघणार, हे पक्कं होतं.

हस्तलिखिताचं खातं मराठीच्या बाईंकडे. दर वर्षी एक अंक, आणि त्याची प्रत एकच. पांढरीशुभ्र कार्डशीटं, दोन्ही बाजूंनी समास, ज्यांचं अक्षर चांगलं त्यांनी कट निबनं लिहायचं, चित्रासाठी चौकोन मोकळा सोडायचा. लिहिता लिहिता शेवटच्या ओळीत चूक झाली की अख्खं पान पुन्हा. संमेलनाच्या दिवशी प्रमुख पाहुणे लाल फीत सोडत, अंक उंच धरून फोटो काढून घेत आणि मग तो कपाटात जात असे. अंकातला मजकूर वर्षानुवर्षं एकाच साच्याचा. 'माझे प्रेरणास्थान' या मथळ्याखाली राष्ट्रपुरुषांवरचे निबंध, आणि ते कुठल्या निबंधमालेतून उतरवलेत तेही ओळखू यायचं.

या बाई आल्या आणि त्यांनी एकच नियम केला. ज्याला तुम्ही प्रत्यक्ष भेटलाय, ज्याच्याशी बोललाय, त्याच्यावरच लिहायचं. वर्गात सन्नाटा. एकानं हात वर करून विचारलं, "बाई, मग आम्ही मोठ्या कुणावर लिहायचं?" बाई म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा मोठा असला तरी बास." त्या वि. स. खांडेकरांचं नाव वरचेवर घेत, पण ज्ञानपीठासाठी नव्हे. कोल्हापूरला येण्याआधी १९२० ते १९३८ खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते, याचं त्यांना फार कौतुक. (मास्तर मंडळींना मास्तरांचा अभिमान असायचाच.) आणि पट्टणकोडोलीचे शंकर पाटील. कथाकथनाला गॅदरिंगमध्ये त्यांची एखादी कथा ठरलेली असे. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील या तिघांनी कथाकथनाला गावोगावची माणसं कशी खेचली, हे बाई रंगवून सांगत, पण आमच्यातला कुणी गावरान हेल काढून हातवारे करायला लागला की थांबवत. "आधी नीट वाच. हसू त्या वाक्यात आहे, तुझ्या मिश्यांत नाही."

त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वडिलांवर लिहिलं. ते चप्पल करत. तिच्या लेखासाठी चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. मी कोल्हापुरी चप्पल रोज बघत होते, दारात दोन जोड पडलेले होते. तेवढ्यावर चित्र सहज झालं असतं. बाईंनी ते होऊ दिलं नाही. म्हणाल्या, "जाऊन बसून ये."

चप्पल लाइनीच्या मागच्या गल्लीत त्यांची खोली होती. दारात बादलीत कातडं भिजत टाकलेलं, आत दगडावर ठोकाठोकी चाललेली. तिचे वडील जमिनीवर बसून, तळ दोन्ही पायांत धरून शिवत होते. आरीनं भोक पाडायचं, कातड्याचीच वादी दोन्ही बाजूंनी ओवायची, ताणायची, की पुढचं भोक. खिळा नाही, दोरा नाही. वादी ताणताना डावा अंगठा टाक्यावर दाबलेला असे आणि तो अंगठा एका बाजूनं पार चपटा झाला होता. शेजारी कातडं कापायची रापी ठेवलेली, तिची मूठ तळहाताच्या आकाराची झिजलेली. मी वही काढली तसे ते म्हणाले, "माझं तोंड काढतीस काय? तोंड र्‍हाऊ दे. हात काढ." मी हात काढले. शाईत, रंग न लावता. मधेच ते वही बघायला थांबले आणि मला विचारलं, "कान दाखवशील न्हवं?" चपलेच्या दोन्ही बाजूंना बाहेर येणाऱ्या त्या पातळ पाळ्या. तयार जोड पुढ्यात ठेवून ते कान कुठल्या अंगाला झुकतात ते त्यांनी मला दोनदा दाखवलं.

गॅदरिंगच्या दिवशी हॉलच्या एका बाजूला प्रदर्शनाचं टेबल मांडलेलं असे. तिथे ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. लेकीचा लेख उभ्याउभ्या सावकाश वाचला. मग बाईंना विचारलं, "ह्याची झेरॉक्स मिळंल का?" एकच प्रत हा त्या अंकाचा मोठेपणा आहे, असं तोवर आम्ही सगळे मानत होतो. दुसऱ्या वर्षापासून हस्तलिखिताच्या झेरॉक्स निघायला लागल्या. ज्याच्यावर लेख, त्याला एक फुकट.

शेलापागोट्यांचं मात्र वेगळंच. व्हरांड्यात पत्र्याची पेटी ठेवलेली असायची, तिच्यात नाव न लिहिता एकमेकांची थट्टा करणाऱ्या चिठ्ठ्या टाकायच्या. सर-बाई त्यातल्या वाह्यात काढून टाकत, उरलेल्या गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी मोठ्यानं वाचल्या जात. हल्ली लोक फिशपॉन्ड म्हणतात. लिहिणाऱ्याला यातून जे शिकायला मिळतं ते निबंधातून नाही, असं माझं ठाम मत आहे. निबंध वाचणारा एकच, तोही पगारी. इथे अख्खा हॉल समोर. ओळ लांबली की हशा मरतो. यमक ओढूनताणून आणलं की पोरं 'ऊऽऽ' करतात. आणि ज्याच्यावर लिहिलंय तो हसला पाहिजे, नाहीतर सगळा हॉल अवघडतो. हे शेवटचं सगळ्यात कठीण. ड्रॉइंगच्या सरांवर मी टाकलेली चिठ्ठी अजून पाठ आहे:

वर्गात येता सर म्हणती, "काढा समोर फुलदाणी";
किती वर्षं तीच फुलदाणी, कुणी घातलं नाही पाणी!

वाचणारे शारीरिक शिक्षणाचे सर, त्यांचा आवाज खणखणीत. हॉल कोसळला. ड्रॉइंगचे सर सगळ्यांत जोरात हसले. पुढच्या तासाला फुलदाणीत खरोखर पाणी होतं, आणि झेंडूची दोन फुलं.

पाहुण्यांच्या भाषणांबद्दल फार लिहीत नाही. मोठी माणसं यायची, चांगलं बोलायची, 'स्वप्नं बघा' म्हणायची. आम्ही मागे नाकाला स्पिरिट गम लावून, मिश्या चिकटवून ताटकळत असायचो, आणि भाषण जितकं लांबेल तितकी मिशी सुटायची. एवढीच त्यांची आठवण आहे, ती त्यांचा दोष नाही.

खरे पाहुणे म्हणावेत अशांच्या भेटीला आम्हाला ड्रॉइंगचे सरच नेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. चंद्रकांत म्हणजे मराठी पडद्यावरचा देखणा, भारदस्त नट, एवढंच आम्हाला आमच्या आज्यांकडून माहीत. तिथे भिंतीवर त्यांची निसर्गचित्रं. पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी रंगाची पूड कागदावर चोळून केलेली. पाणी नाही, तेल नाही. मी अगदी नाक लावून बघितलं तर ब्रशचा फटकारा कुठेच सापडेना. धुकं नुसतं कागदावर बसल्यासारखं. शूटिंग आणि प्रवास सांभाळून माणूस आयुष्यभर हे करत राहिला, हे मला त्या चित्रांपेक्षाही जास्त लागलं.

आणि जानेवारीत टाउन हॉलच्या बागेत रंगबहार या संस्थेची 'मैफल रंगसुरांची'. शाळेच्या गॅदरिंगचा शीण उतरतो न उतरतो तोच ही येते. एका बाजूला गाणं चाललंय, झाडांखाली चित्रकार आपापले बोर्ड लावून बसलेत, कुणी समोरच्या माणसाचं पोर्ट्रेट करतंय, कुणी मातीत डोकं घडवतंय. चित्रकार आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या आठवणीत होणारी ही मैफल. तिथे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. तुम्ही चित्रकाराच्या पाठीशी उभं राहायचं आणि बघायचं. मी एकदा एका पोर्ट्रेटपाशी सुरुवातीपासून उभी राहिले. निम्म्यावर चेहरा अगदी हुबेहूब आला होता. चित्रकारानं बोळा घेतला आणि गाल पुसून टाकला. आम्ही बघणारे हळहळलो. त्यानं पुन्हा लावला तो गाल वेगळाच होता, आणि बसलेला माणूस आता थोडा थकलेला दिसायला लागला, जसा तो खरंच होता.

आमच्या शाळेचं एक संमेलन केशवराव भोसले नाट्यगृहात झालं होतं. १९१५ चं, शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर. विंगेत उभं राहून पडदा सोडायची दोरी माझ्या हातात होती, याचा मला कोण अभिमान! ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रस्त्यावर उभी माणसं रडत होती, त्यांत शाळेतल्या एका गॅदरिंगपुरतेच त्या स्टेजवर चढलेले कितीतरी असतील. गावाला नाट्यगृह कशासाठी लागतं, यावर मला त्यानंतर कुणाशी वाद घालावा लागलेला नाही.

आता शाळेत एलईडी वॉल येते. सर निवृत्त झालेत. बाई आहेत, आणि यंदा हस्तलिखिताच्या चित्रांसाठी त्यांनी मला मुलांबरोबर बसायला बोलावलंय. नियम जुनाच: भेटल्याशिवाय लिहायचं नाही, बघितल्याशिवाय काढायचं नाही. कुंभार गल्लीत जाणारे दोघे ठरले, गुजरीत सोनाराकडे जाणारी एक. आठवीतल्या एका मुलीला तालमीतल्या पैलवानांची चित्रं काढायचीत. मुलींना आत घेतील का, यावर शिक्षकांच्या खोलीत बरीच खलबतं झाली. शेवटी बाईंनीच वस्तादांना फोन लावला. वस्ताद म्हणाले, "येऊ दे की. पण पोरं घुमतात सकाळी सहाला, तेव्हाच यायचं. उशीर केला तर नुसता आखाडा बघून जावं लागंल."

मुलीला निरोप दिला तर ती म्हणाली, "मग मी साडेपाचलाच जाते. पेन्सिलीला टोक काढायला वेळ लागतो."