मुकादम नसलेली गर्दी

सध्या रात्री जेवणं आटपली की केलर-सेगेलची समीकरणं, म्हणजे सुट्या पेशी आपोआप कशा गोळा होतात त्याचं गणित, घेऊन बसते, आई विचारते परीक्षा आहे काय, म्हटलं नाही गो, अमीबा आहेत.

आमच्या कुळागरात पोफळींखाली कुजक्या पानांची ओली माती असते ना, तसल्या रानमातीत डिक्टिओस्टेलियम नावाचे अमीबा राहतात. बॅक्टेरिया खायला मिळतायत तोवर ज्याचं त्याला, कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. उपासमार झाली की मात्र सायक्लिक एएमपी नावाचं रसायन सोडायला लागतात, शेजाऱ्याला ते लागलं की तो त्या दिशेला सरकतो आणि वर स्वतःही थोडं सोडतो, मग दर पाच-सहा मिनिटांनी एकेक लाट, आणि शेवटी लाखभर पेशींची दोन-चार मिलिमीटरची अळी होऊन चक्क सरपटायला लागते. पुढे तिचाच देठ होतो, वर बीजाणू. देठात गेलेल्या, साधारण पाचातली एक, त्या मरतात बिचाऱ्या.

बऱ्याच जणांना वाटायचं की यात कोणीतरी मुकादम पेशी असणार, तीच हाका मारते. १९७० मध्ये एव्हलिन केलर आणि ली सेगेल यांनी दाखवलं की मुकादमाची गरजच नाही. एक समीकरण पेशींच्या दाटीचं, एक रसायनाचं. पेशी वाट्टेल तशा भटकतात म्हणून पांगतात, रसायन जास्त तिकडे वळतात म्हणून जमतात, आणि ओढ भारी पडली की सगळीकडे सारखी पसरलेली अवस्था आपोआप मोडते.

खरी गंमत सपाट पृष्ठभागावर आहे. मॉडेल सोपं केलं, पृष्ठभाग अमर्याद घेतला आणि सगळे गुणक १ धरले तर एकूण पेशींचं वस्तुमान ८ पायपेक्षा कमी असताना (कोळ्याचे पाय नव्हे, ३.१४ वाला) सगळे पांगतात, आणि जास्त झालं की ठरावीक वेळातच एका बिंदूवर दाटी अनंत. एकाच मितीत, म्हणजे नुसत्या रेषेवर, हे होतच नाही!

आता अनंत अमीबा कुठे मावणार, पेशीला आकार असतो हे समीकरणाला ठाऊकच नाही. जागेत मावतील तेवढ्याच अशी अट घातली की अनंत जातं, नुसता ढीग राहतो. लोक लगेच ती अट घालून मोकळे होतात, मला मात्र बिनअटीचंच आवडतं, कारण तो ८ पायचा उंबरठा तिथेच स्वच्छ दिसतो. कोड पायथनमध्ये लिहितेय, ग्रिड, म्हणजे पृष्ठभागाचे चौकोन, बारीक केली की लॅपटॉपचा पंखा बोंबलतो, पण जमलं की टाकते इथे.