तुम्ही विचारलंत म्हणून: ‘विलंबाची कारणे काय आहेत?’

तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला गेलं की ओळखीचं कुणीतरी भेटतं आणि दोन वळणं झाली की विचारतं, ‘‘मॅडम, तुम्ही आमदारांचे प्रश्न लिहिता ना? पण विधानसभेत प्रश्न विचारून होतं काय?’’ चालता चालता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते आहे.

पुण्यातल्या एका आमदारांसाठी मी अकरा वर्षं प्रश्नांचे मसुदे करते. त्याआधी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. पर्यावरण, ऊर्जा, वाहतूक आणि आरोग्य हे चार विषय माझ्याकडे असतात. अधिवेशनाच्या कितीतरी आधी प्रश्न द्यावे लागतात, बॅलट होतं म्हणजे चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो, काही प्रश्न गळतात, काही इतर सदस्यांच्या प्रश्नांना जोडले जातात. तारांकित प्रश्नावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतो, अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. प्रश्नोत्तराच्या तासात प्रत्यक्ष चर्चेला येतात ते मोजकेच. टीव्हीवर दिसते ती खडाजंगी. आमचं काम असतं ते छापील यादीत.

त्या यादीची भाषा ठरलेली आहे. ‘सन्माननीय पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास, या प्रकरणी चौकशी केली आहे काय’, मग ‘चौकशीत काय आढळून आले’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ लोकांना ही भाषा निर्जीव वाटते. मला ती फार मोलाची वाटते. ‘हे खरे आहे काय’ असं विचारलं की सरकारला तीनच वाटा उरतात: खरे आहे, खरे नाही किंवा अंशतः खरे आहे. त्यातलं जे लिहिलं जाईल ते मंत्र्यांच्या नावावर कायमचं छापलं जातं. पुढे कोर्टात जायचं असो की महापालिकेत भांडायचं असो, तो कागद हातात असतो.

आता काकांचं सांगते. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ शहराच्या कडेच्या एका नव्या सोसायटीत राहतात. सोसायटीच्या भिंतीपलीकडे रेडिमिक्स काँक्रिटचा प्लांट. काका पहिल्यांदा घरी आले तेव्हा दोन वस्तू घेऊन आले होते. एक ओलं फडकं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. नातवाच्या खोलीच्या खिडकीची चौकट एकदाच पुसली होती आणि फडकं सिमेंटच्या रंगाचं झालं होतं. त्या नातवाला आठवड्यातून तीन रात्री नेब्युलायझर लावावा लागत होता. दुसरी वस्तू दोनशे पानी वही. तीत रोजची नोंद: तारीख, प्लांट किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद झाला, मिक्सरच्या किती गाड्या बाहेर पडल्या, वारा कुठून होता. कारखान्यात शिफ्टची नोंद ठेवायची सवय, तीच इथे. अक्षर ठसठशीत, एकही खाडाखोड नाही.

वहीसोबत अर्जही होता: ‘सदर प्लांट तात्काळ बंद करावा.’ मी काकांना म्हटलं, हा प्रश्न नाही, ही मागणी आहे. मागणीला ‘तपासून पाहू’ एवढं उत्तर पुरतं. मग आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिचे तुकडे केले. प्लांटला प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालवण्याची संमती आहे काय, ती कोणत्या तारखेपर्यंत आहे, तिच्यात धूळ रोखण्याच्या कोणत्या अटी आहेत, गेल्या वर्षभरात पाहणी झाली काय, कोणत्या तारखेला, आणि पाहणीत काय आढळलं.

अधिवेशनात उत्तर आलं. ‘हे अंशतः खरे आहे.’ पुढे लिहिलं होतं की अमुक तारखेला पाहणी केली असता परिसरात धूळ आढळून आली नाही. शेवटच्या पोटप्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही.’

मी खट्टू झाले होते. काकांनी चष्मा लावला, उत्तरातली तारीख वाचली आणि वहीची पानं उलटली. जुलै महिना. त्या तारखेपुढे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पहाटेपासून मुसळधार. प्लांट बंद. एकही गाडी नाही.’

पावसात, बंद प्लांटवर धूळ शोधायला गेले होते. काका काही बोलले नाहीत. वही माझ्याकडे सरकवली आणि त्या ओळीखाली बोट धरून बसले.

पुढच्या अधिवेशनातला प्रश्न त्या एका ओळीतून निघाला. पाहणीच्या वेळी प्लांट चालू होता काय? पाहणीची वेळ काय होती? सर्वांत जवळच्या घरापाशी हवेतल्या कणांचं मोजमाप केलं काय? त्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आत प्लांटवर पुन्हा पाहणी झाली, ती रात्री अकराला. त्यानंतर अटी पाळण्यासाठी प्लांटने ठेवलेली बँक हमी जप्त झाली, आवाराला पत्र्यांची उंच भिंत आणि पाण्याचे फवारे लागले, रात्री दहा ते सकाळी सहा काम थांबवण्याचे निर्देश निघाले. प्लांट आहे तिथेच आहे. नातू मात्र सलग झोपतो.

रात्रीही का चालायचा प्लांट, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. दिवसा शहरात जड वाहनांवर निर्बंध असतात, म्हणून काँक्रिट रात्री ओततात. म्हणजे वाहतुकीच्या नियमाची धूळ आरोग्याच्या खात्यावर जमा होते. पण सरकारात या दोन गोष्टी एकाच माणसाला विचारता येत नाहीत, आणि आमचं निम्मं डोकं त्यातच जातं.

नळस्टॉपच्या चौकात सिग्नलला उभे राहा. समोरची बस पीएमपीची. पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची कंपनी, २००७ साली पीएमटी आणि पीसीएमटी या त्यांच्या बससेवा एकत्र करून झालेली. तिचा प्रश्न नगरविकास विभागाकडे जातो. शेजारी एसटी उभी असेल तर परिवहनमंत्री. रिक्षाची पीयूसी चाचणीही परिवहनकडे, आणि कागदोपत्री परिवहन हा गृह विभागाचा भाग. डोक्यावरची मेट्रो पुन्हा नगरविकास. हवेतले कण पर्यावरण. त्या हवेने दमा वाढलेला माणूस सरकारी दवाखान्यात गेला तर सार्वजनिक आरोग्य, ससूनला गेला तर वैद्यकीय शिक्षण. चुकीच्या दारात टाकलेला प्रश्न खात्याखात्यांत फिरत राहतो आणि तेवढ्यात अधिवेशन संपतं. म्हणून एकाच धुरावर आम्ही चार प्रश्न देतो, चार मंत्र्यांना. उत्तरं आली की ती शेजारी शेजारी ठेवून वाचते. एका खात्याचा आकडा दुसऱ्याशी जुळला नाही, की पुढचा प्रश्न तिथेच तयार असतो.

केंद्राने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात पुणे आहे. ‘निधी किती मिळाला’ असं विचारलं की उत्तर पटकन येतं. ‘त्यातला किती रस्ते झाडण्याच्या यंत्रांवर गेला आणि किती धूर कमी करण्यावर’ असं विचारलं की वेळ लागतो. मी दुसरा प्रश्न विचारते.

विजेबद्दल लोक फार चिडून येतात, बिल पुढे करतात. दर वीज नियामक आयोग ठरवतो, मंत्री तेवढंच सांगून मोकळे होतात. म्हणून मी दराच्या वाटेला जात नाही. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळाल्यावर किती तासांत बदललं, छतावर सोलर बसवलेल्या घराला घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर किती दिवसांत मिळाला, असं विचारते.

सगळ्यात अवघड गेला तो २०२५ चा जानेवारी. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. आधी जुलाब, मग पायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. धायरी २०१७ ला महापालिकेत आलेलं गाव, नांदेड आणि किरकटवाडी २०२१ च्या २३ गावांतली. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर. आणि तेव्हा नळाला येणारं पाणी विहिरीचं, क्लोरीन घातलेलं, पण शुद्धीकरण प्रकल्पातून न गेलेलं.

त्या भागातल्या एक ताई आल्या, त्यांचा भाऊ दवाखान्यात होता. म्हणाल्या, ‘‘आमच्या नगरसेवकाला विचारू म्हटलं तर नगरसेवकच नाही.’’ खरं होतं. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, कारभार प्रशासकांकडे होता. पाण्याचा प्रश्न ज्या सभागृहात विचारायचा ते भरतच नव्हतं. अशा वेळी मुंबईला विधानसभेत आमदाराने विचारणं एवढंच दार उरतं. ‘प्रश्न विचारून होतं काय’ म्हणणाऱ्यांना मी हे दिवस आठवायला सांगते. विचारायची जागाच नसली की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

ताईंनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या फार उपयोगी पडली. ग्रामपंचायत होती तेव्हा एक माणूस घरोघर यायचा, काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचा, दोन थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलंय. ओटी टेस्ट म्हणतात तिला. वहीत सही घेऊन जायचा. पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरलेलं असावं असं मानक आहे, ते असं नळाच्या तोंडाशी तपासायचं असतं. ताईंचा अर्ज होता, ‘आमच्या जिवाशी खेळणाऱ्यांवर कारवाई करा.’ प्रश्न झाला असा: समाविष्ट गावांत डिसेंबर आणि जानेवारीत नळाच्या पाण्यातल्या उर्वरित क्लोरीनची तपासणी कोणत्या तारखांना, कोणत्या ठिकाणी झाली, आणि प्रत्येक वेळी प्रमाण किती आढळलं? असाच प्रश्न इतरही सदस्यांचा असणार, हे ठाऊक होतं. तरी पाठवला. ‘पाणी शुद्ध आहे काय’ याला ‘होय’ म्हणता येतं. तारखांच्या तक्त्याला ‘होय’ म्हणता येत नाही.

आपल्या पुण्याला हे शिकवायला नको खरं तर. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलात, म्हणजे इंग्रजी अमलातल्या कायदेमंडळात, प्रश्न विचारता यायला लागले, पण उपप्रश्नाची मुभा नव्हती, ती १९०९ च्या सुधारणांनी मिळाली. मधल्या काळात गोपाळ कृष्ण गोखले सरकारचेच आकडे घेऊन अंदाजपत्रकावर उभे राहत. १९०२ च्या पहिल्याच भाषणात त्यांनी दाखवलं, की तिजोरीतली शिल्लक ही भरभराटीची खूण नाही, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे. बीएमसीसी रस्त्याने, त्यांच्या भारत सेवक समाजावरून जाताना मला त्यांची आठवण होते.

मंत्री सभागृहात ‘करू’ म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि ते पाळलं की नाही हे पाहणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जातं. ही समिती किती जणांना माहीत आहे? मी माझ्या कपाटात प्रत्येक आश्वासनाचा वेगळा कागद ठेवते, वर तारीख लालने. काही कागद सहा-सहा वर्षं तिथेच आहेत. ते पाहून मला राग येतो आणि मी तोच प्रश्न पुन्हा लिहिते, शेवटी ‘विलंबाची कारणे काय आहेत’ जोडून.

परवा काका येऊन गेले. नवी वही घेतली आहे, तिसरी. पहिल्या पानावर त्यांनी प्लांटची संमती संपण्याची तारीख लिहून चौकट केली आहे. ती येत्या अधिवेशनाच्या आठ दिवस आधी येते. नूतनीकरण करताना रात्रीच्या कामाची अट कायम ठेवणार काय, एवढाच पोटप्रश्न त्यांना हवा होता. चहा होईस्तोवर आम्ही तो लिहून टाकला.