रजिस्ट्रीच्या फॉर्मवर सही करू का, विचारणाऱ्या आयांसाठी

एसएमए म्हणजे स्नायू कमजोर होत जाणारा जनुकीय आजार, तो असलेल्या मुलांच्या पालकांच्या आमच्या ग्रुपवर हा प्रश्न सारखा येतो. हॉस्पिटलवाले रजिस्ट्रीचा, म्हणजे एकाच आजाराच्या पेशंटांची माहिती एकत्र जपणाऱ्या नोंदवहीचा, फॉर्म भरून मागतायत, मुलाचे रिपोर्ट रिसर्चला देणार म्हणे, ताई, सही करू का? परवा साताऱ्याच्या एका आईचा फोन आला आणि बोलणं इतकं लांबलं की म्हटलं आता लिहूनच टाकते.

माझं मत आधीच सांगते, करा. फॉर्म नीट वाचून, हवे ते प्रश्न विचारून, पण करा.

कारण ऐका. सोळा कोटींचं इंजेक्शन म्हणून आपल्याकडे पेपरात जे गाजलं ना, त्या जीन थेरपीची पहिली ट्रायल अमेरिकेत ओहायोमधे कोलंबसला झाली, निकाल 2017 ला छापून आले. त्यात टाइप 1 ची, म्हणजे तान्हेपणीच दिसणाऱ्या गंभीर प्रकारची, फक्त 15 बाळं होती. एरवी औषध तपासताना काहींना खरं औषध देतात आणि काहींना नुसतंच दिल्यासारखं करतात, इथे तसं केलं नाही, सगळ्यांना खरंच दिलं. मग उपयोग झाला हे कशावरून ठरवणार? तर याच आजाराच्या, औषध न मिळालेल्या आधीच्या मुलांच्या नोंदी जपलेल्या होत्या. त्या नोंदींप्रमाणे कायमचं व्हेंटिलेटर न लागता 20 महिन्यांची होणारी मुलं होती 8 टक्के. ट्रायलमधली 15 च्या 15 तिथवर पोचली. त्या 15 बाळांबद्दल सगळे बोलतात, पण ज्यांच्या नोंदींवरून हे कळलं त्यातली बहुतेक मुलं वाचली नाहीत किंवा कायमची व्हेंटिलेटरवर गेली, त्यांच्या आईवडिलांना त्या नोंदी देऊन स्वतःच्या बाळासाठी काही मिळणार नव्हतं आणि तरी त्यांनी दिल्या. हे वाचलं तेव्हा मी खूप रडले होते.

माझी लेक टाइप 2, म्हणजे त्याहून थोडा सौम्य प्रकार. फिजिओच्या मॅडम तिची हॅमरस्मिथ टेस्ट घेतात, 33 हालचाली, प्रत्येकीला 0, 1 नाहीतर 2, एकूण 66 मार्क. त्यात एक आहे, बसल्या बसल्या हात डोक्याला लावायचा. मान न वाकवता लावला तर 2. लेकीचा हात कानापर्यंत येतो आणि थांबतो, मग ती हळूच मान खाली आणते आणि डोकंच हाताला टेकवते आणि आमच्याकडे बघून हसते. मॅडम शाब्बास म्हणतात आणि कागदावर 1 लिहितात. हा 1 पुढच्या वर्षी 1 राहतो की 0 होतो, औषध घेणाऱ्या मुलांचा काय होतो आणि न घेणाऱ्यांचा काय, हे शेकडो मुलांचे कागद एकत्र आले तरच कळेल. आत्ता ते कागद आपापल्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत पडलेत.

आणि आपल्याला निदान आजाराचं नाव तरी माहितीय. कितीतरी मुलांच्या जेनेटिक रिपोर्टवर एवढंच येतं की बदल सापडलाय पण त्याचा अर्थ अनिश्चित आहे. तो अर्थ लागायला तोच बदल आणि तीच लक्षणं असलेलं दुसरं मूल सापडावं लागतं, आणि जगातला जेनेटिक डेटा बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांचा, आपली मुलं त्यात फार थोडी. अमेरिकेतल्या मॅट माइट नावाच्या बापाने 2012 साली मुलाच्या आजाराबद्दल इंटरनेटवर सविस्तर लिहिलं, एनजीएलवाय1 जीनचा बिघाड, त्याच्या मुलाला रडताना डोळ्यातून पाणीच येत नसे. ते वाचून इतर कुटुंबं आणि डॉक्टर त्याच्यापर्यंत पोचले, तशीच मुलं सापडत गेली. म्हणून नुसता जीन रिपोर्ट देऊन भागत नाही, मूल कसं आहे तेही लिहून गेलं पाहिजे.

आता भीती. साताऱ्याची आई म्हणाली, मोठीचं लग्न जुळवताना कुणाला कळलं तर? ही भीती खोटी नाही आणि "नाव काढून टाकतो" एवढ्यावर गप्प बसू नका. तालुक्यात हा आजार असलेलं एकच मूल असेल तर वय आणि गाव कळलं की नावाची गरजच नाही. गाव, जन्मतारीख, फोटो यातलं काय जाणार ते विचारा. डेटा कोण बघणार, कंपनीला देणार का, परदेशात जाणार का, नंतर नको म्हटलं तर काढता येईल का, आणि काही निष्पन्न झालं तर आम्हाला कळवणार का, हेही विचारा. 18 वर्षांखाली पालकांची संमती 2023 च्या डेटा कायद्यात सांगितलीच आहे, पण आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या 2017 च्या नियमांत 7 वर्षांपासून मुलाचीही तोंडी तयारी विचारायला सांगितलंय, 12 नंतर लेखी. माझ्या लेकीला विचारलं तर तिने आधी विचारलं माझा व्हिडिओ कोण बघणार, आणि फिजिओचे व्हिडिओ द्यायला नाही म्हणाली, मग मी फॉर्मवर तेवढं खोडून सही केली.

दुर्मिळ आजारांचं सरकारी धोरण 2021 ला आलं, त्यात रजिस्ट्रीचं काम आयसीएमआरकडे आहे आणि मुंबईचं केईएम सेंटर ऑफ एक्सलन्स, म्हणजे या आजारांसाठी नेमलेलं खास केंद्र, आहे. तुमच्या डॉक्टरांनी विषय काढला नसेल तर तुम्ही काढा. आणि प्रत्येक टेस्टच्या मार्कांच्या कागदाची कॉपी त्याच दिवशी मागून घ्या, नुसतं "ठीक आहे" ऐकून घरी येऊ नका. आमच्या सुरुवातीच्या टेस्टचे कागद एका हॉस्पिटलने नंतर सापडत नाहीत म्हणून सांगितलं, लेकीचे ते मार्क आता कुठेच नाहीत.