अल्बर्टात गारठ्यात गळतं, भुसावळात उन्हात: जुन्या डिझेल पिकअपचं कूलंट

कॅनडातल्या अल्बर्टात हिवाळ्यात जुन्या पिकअपच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबताना दिसते. जळगाव-धुळ्याकडून नव्याने आलेला माणूस विचारतोच, गाडी चार्जिंगची आहे का म्हणून. ती ब्लॉक हीटरची वायर. इंजिनच्या ब्लॉकमध्ये, थेट कूलंटात (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात) बुडालेली साधारण 750 ते 1000 वॅटची कॉइल असते, आपल्या गिझरसारखी. बाहेर उणे 30 असेल तर गाडी सुरू करण्याआधी तीन-चार तास ती लावून ठेवतात. जुन्या गाडीचं कूलंट कमी व्हायला लागलं की आधी तपासायच्या जागांत हीही एक. कॉइल ब्लॉकमध्ये शिरते तिथली रबरी रिंग वर्षानुवर्षं तापून-गारठून टणक होते आणि थेंब सुटतो.

इथे शेतावर जुनी डॉज रॅम अजून बरीच दिसते, 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स इंजिन असलेली. टाटाच्या ट्रकांत याच घराण्याचं इंजिन बसायचं, त्यामुळे आपल्या मिस्तरींना ते परकं नाही. एवढ्या मोठ्या इंजिनात कूलंट वीस लिटरच्या वर मावतं. लिटरभर कमी झालं तरी तापमानाचा काटा हलत नाही. मालक ओतत राहतो आणि दुखणं वाढत राहतं.

पहिला प्रश्न ‘कुठे गळतंय’ हा नसावा, ‘कधी गळतंय’ हा असावा. गारठ्यात रबर आणि धातू सारखे आकसत नाहीत. होज पाइपची पकड सैल होते, रात्रभरात बर्फावर हिरवा ठिपका पडतो आणि इंजिन तापलं की सगळं फुगून गळती आपोआप बंद. दुपारी गॅरेजला नेली तर मेकॅनिकला काहीच सापडत नाही. म्हणून गाडी संध्याकाळीच तिथे सोडायची आणि सकाळी सुरू करण्याआधी बघायला सांगायचं.

खान्देशात याच्या उलट. सावद्याहून दीड टन केळी भरून बोलेरो पिकअप कन्नड घाट चढते तेव्हा दाब वाढतो आणि रेडिएटरचं टोपण, त्याचा सांधा, वॉटर पंपाचं सील बोलायला लागतं. घाट चढून गाडी बंद केली की पंखा आणि पंप थांबतात, पण धातूतली उष्णता कूलंटात उतरतच असते. ती पहिली पाच-दहा मिनिटं महत्त्वाची. तेव्हा चहाला न जाता बॉनेट उघडून टॉर्च मारा. टोपणाला मात्र हात लावायचा नाही. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. टोपण सैल झालं की एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

खरी तपासणी थंड इंजिनवरच होते. टोपणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवा. टोपणावर जो आकडा छापलाय, बहुतेक 13 ते 18 पीएसआयच्या दरम्यान, तेवढाच दाब भरा. जास्त भरलात तर चांगला रेडिएटरही फाटतो. पंधरा-वीस मिनिटं काटा बघा. टोपणही त्याच पंपावर तपासून घ्या. टोपणाची स्प्रिंग मेली असेल तर कूलंट रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून बाहेर जातं आणि लोक उगाच हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, खोलतात.

काटा उतरला की सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. थेंब जिथे पडतो ती जागा फसवी असते, कारण पंख्याचा वारा कूलंट मागे ढकलतो आणि पट्टा ते चौफेर उडवतो. वाळलेलं कूलंट पांढुरकी-हिरवट खपली सोडतं, बोअरच्या नळाच्या तोटीवर क्षार साचतात तशी. खपली नखाने खरवडा. खाली ओलं असेल तर गळती आजची, कोरडं असेल तर जुनी.

क्लिपखाली खपली असेल तर स्क्रू आणखी आवळू नका. आवळून आवळून पट्टी रबरात घुसते. होजचं टणक झालेलं दोन सेंटिमीटर टोक कापा, नळीचं तोंड पॉलिश पेपरने साफ करा आणि स्प्रिंगची क्लिप लावा. रबर आकसलं-फुगलं तरी तिचा ताण टिकतो. ही क्लिप काढून स्क्रूची लावायची खोड दोन्हीकडच्या मेकॅनिकांना आहे.

वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. सील गेल्याची खबर द्यायलाच ते ठेवलेलं असतं. तिथे नुसती ओल असेल तर नजर ठेवा, धार लागली तर पंप बदला. एम-सीलने ते भोक बुजवलेलं दिसलं तर गाडी घेऊ नका. या कमिन्सचा पंप दोन बोल्टवर असतो, अर्ध्या दिवसाचंही काम नाही.

छळणारी जागा वेगळीच आहे. हेडच्या मागे, केबिनच्या भिंतीलगत, ठोकून बसवलेला लोखंडी प्लग असतो. तो गंजला की कूलंट मागून उतरून गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकतं आणि माणूस गिअरबॉक्सचं सील बदलून बसतो. तिथे टॉर्च पोचत नाही. काठीला आरसा बांधून बघावं लागतं. 1998 पासूनच्या काही 24 वॉल्व्हच्या गाड्यांत ब्लॉकवर 53 हा ओतीव आकडा असतो. ते ब्लॉक बाजूने चिरण्यासाठी बदनाम आहेत. जुनी गाडी घेताना आधी तो आकडा बघावा.

बाहेर कुठेच ओल नाही आणि काटा तर उतरतोय, तर आधी पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघा. चिकट ओल, गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं असेल तर केबिन गरम करणाऱ्या हीटरची जाळी गेली. ते नसेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पट्टीकडे या. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी दाबा. थंड असूनही टणक लागला तर आत सिलिंडरचा गॅस शिरतोय. निळ्या द्रावणाची गॅस टेस्टही करतात, पण डिझेल इंजिन आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना, भरपूर जादा हवा घेतं, धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि गळती असूनही द्रावण निळंच राहतं. गाडी लोडवर चालवून आणा, मग लावा. ऑइलच्या टोपणाखाली पांढरी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. गारठ्यात छोट्या फेऱ्या मारल्या की वाफ साचून ती येतेच. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढली असेल तर मात्र गाडी सुरू करू नका.

आपल्याकडे रेडिएटरात हळद टाकतात, इथे त्याच कामाची बाटली विकत मिळते. रस्त्यात अडकलात तर ठीक. पण तो गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि उणे 30 मध्ये हीटर गेला की समोरची काच आतून गोठते.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. ते उणे 37 पर्यंत गोठत नाही. निव्वळ कूलंट जास्त चांगलं, हा समज चुकीचा. ते उणे 13 च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहतं. बोअरचं पाणी कुठेच नको. सांडलेलं लगेच पुसा. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

हीटर फुल गरमवर ठेवून सावकाश भरा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा, बाटलीवर मार्करने रेघ मारा. दुसऱ्या सकाळी पातळी थोडी उतरलेली असेल तर ती आत अडकलेल्या हवेची जागा, तेवढं भरा. तिसऱ्या सकाळीही रेघेखाली असेल तर हातपंप पुन्हा लावा.