माउंट उघडला: आरए झाला, डेक बाकी

मंडळी, दुर्बिणीच्या माउंटच्या (दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणाऱ्या स्टँडच्या) आरए ॲक्सिसचं, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर फिरणाऱ्या अक्षाचं, काम एकदाचं संपलं. डेक (उत्तर-दक्षिण फिरवणारा दुसरा अक्ष) अजून टेबलावर उघडाच पडलाय, पण जे झालंय ते लिहून ठेवतो, कुणाला दिवाळीआधी आपला माउंट उघडायचा असेल तर उपयोगी पडेल. पावसाळ्यात तारे बघायला वांगणीला गेलं काय नि डोंबिवलीत गच्चीवर काय, ढगच बघायचे असतात, त्यामुळे या कामाला याच्यासारखा सीझन नाही.

माउंट सेकंडहँड घेतलेला जर्मन इक्वेटोरियल (एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला प्रकार). वर्म म्हणजे स्क्रूसारखा दांडा, तो फिरला की वर्म व्हील हे दात्यांचं चाक फिरतं. वर्म व्हील १८० दातांचं, मोटरवरचा छोटा गिअर १२ दातांचा आणि वर्मवरचा मोठा ४७ दातांचा. स्क्रूला हात लावायच्या आधी हे दात मोजून ठेवा, सगळं निदान त्याच्यावरच होतं. आकाश एक फेरी ८६१६४ सेकंदात पूर्ण करतं, त्याला १८० ने भागलं की वर्मची एक फेरी ४७९ सेकंद, आणि तिथून १२ भागिले ४७ केलं की मोटरच्या गिअरची एक फेरी १२२ सेकंद. माझ्या उन्हाळ्यातल्या गायडिंग लॉगमध्ये (कॅमेरा ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला दुरुस्ती देतो, त्याची नोंद) बरोबर १२२ सेकंदांनी एक झटका येत होता. ४७९ सेकंदांची लाट पण होती, पण ती हळू येते, ऑटोगायडर (तोच दुरुस्ती देणारा कॅमेरा) तिला आरामात धरतो, झटका मात्र त्याच्या हातात लागत नाही, तो करेक्शन देईपर्यंत तारा पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे वर्मच्या आधी मोटरकडचे गिअर बघायचे हे उघडण्याआधीच पक्कं होतं.

आणि तिथंच सापडलं. जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट आणि काळपट झालेलं, बोटावर घासलं तर त्यात पितळेची चमचम दिसत होती. १२ दातांचा गिअर टर्पेंटाइनमध्ये बुडवून टूथब्रशने साफ केला, घड्याळजीचं भिंग लावून एकेक दात बघितला, तर एका दाताच्या बुडाशी पितळेचा केसाएवढा कीस रुतून बसलेला. टाचणीने उकरून काढला. एवढ्याशा किसानं काय होणार असं वाटेल, पण हिशोब करून बघा: मोठ्या गिअरची त्रिज्या जेमतेम १२ मिमी, तिथं २० मायक्रॉनची गडबड झाली तरी पुढे वर्म ती १८० पटीनं कमी करतो आणि तरीसुद्धा आकाशात जवळपास २ आर्कसेकंद (१ आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) उरतात. तीच गडबड थेट वर्म व्हीलवर असेल तर विचारूच नका, व्हीलचा व्यास ९ सेंमी धरला तर १ मायक्रॉन म्हणजे साडेचार आर्कसेकंद, १० मायक्रॉन म्हणजे अख्खा गुरू फील्डमध्ये स्वतःच्या रुंदीएवढा सरकला. म्हणून सफाईला कंटाळा करू नका आणि सुती चिंधी वापरू नका, तिचे धागे दातात राहतात, चष्म्याचं फडकं बेस्ट.

रॉकेल हल्ली मिळत नाही, पेट्रोल फ्लॅटमध्ये अजिबात काढू नका, रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन पुरेसं आहे, खिडक्या उघड्या ठेवून. शेवटी आयसोप्रोपिलने पुसायचं, पण सुरुवातच त्याने केली तर जुनं ग्रीस हलत नाही.

बेअरिंग मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून आणली. वर्मच्या दोन्ही टोकांना ६०८, म्हणजे आत ८ मिमी, बाहेर २२, जाडी ७. दुकानदाराने आधी हेच विचारलं की स्केटिंगला पाहिजे का मशीनला, कारण स्केट्सच्या चाकातही हीच साइज असते. मशीनला म्हटल्यावर त्याने आतून नीट पॅकिंगमधली काढून दिली. पत्र्याचं झाकणवालं घ्यायचं का रबर सीलवालं यावर आपल्यात दोन मतं आहेत. रबराने दमट हवा आत जात नाही पण फिरायला जड पडतं. मी पत्र्याचं घेतलं, वर्मचं हाऊसिंग तसंही बंद असतं.

ग्रीसबद्दल माझं मत ठाम आहे. गॅरेजमधलं एपी-३ नको, ते नावाप्रमाणे ३ ग्रेडचं, फार घट्ट. एनएलजीआय २ (घट्टपणाची ग्रेड) चं सिंथेटिक, पीटीएफईवालं (टेफ्लॉन घातलेलं) घ्या आणि जुनं पूर्ण निघाल्याशिवाय नवं लावू नका, दोन वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन गळायला लागतात. आणि थोडंच लावा. व्हीलच्या दातांवर बोटाने पातळ थर, वर्म फिरवला की तो आपोआप पसरतो. थापून भरलेलं ग्रीस नुसतं बाजूला ढकललं जातं आणि धूळ गोळा करतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मेश, म्हणजे वर्म आणि व्हीलचे दात एकमेकांत किती घट्ट बसतात ते. ग्रीस बदलून माउंट सुधारला असं जे लोक सांगतात त्यातलं बरंचसं श्रेय खरं तर उघडताना परत बसवलेल्या मेशचं असतं असं मला आता वाटतं. वर्मच्या हाऊसिंगचे चार बोल्ट किंचित सैल करायचे आणि दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) एकमेकांविरुद्ध खेळवत वर्म व्हीलच्या जवळ न्यायचा. त्याआधी वर्मच्या टोकाची टोपी आवळून वर्म मागेपुढे हलत नाही हे बघा, नाहीतर ती ढिलाई तुम्ही बॅकलॅश (दिशा बदलताना दातांमधला मोकळा खेळ) समजून मेश उगाच घट्ट करत बसाल. मोटर काढून ठेवली आणि मोठा गिअर बोटाने फिरवत व्हीलची अख्खी फेरी केली, म्हणजे वर्मच्या १८० फेऱ्या, जिथं जिथं जड लागलं तिथं व्हीलवर मार्करने खूण. व्हील कधीच पूर्ण गोल नसतं. सर्वात जड जागी आणून तिथं मेश सेट करायचा, बाकी ठिकाणी थोडा बॅकलॅश राहील तो राहू द्या, मोटर अडकण्यापेक्षा तो परवडतो. थोडी ढील थंडीसाठी पण लागते, ॲल्युमिनियमचं हाऊसिंग पितळेपेक्षा जास्त आक्रसतं, सध्या घरात हलका वाटणारा मेश जानेवारीत पहाटे घट्ट होणार. आणि आवळताना बोल्ट तिरपे-समोरासमोर, प्रत्येक वेळी परत फिरवून बघायचं, शेवटच्या पाव आट्यात मेश हमखास हलतो.

तारे नाहीत म्हणून टेस्ट मोबाइल टॉवरवर. रेटिकल आयपीसमध्ये (आत फुलीच्या रेघा असलेल्या डोळ्याकडच्या भिंगात) टॉवरवरचा अँटेनाचा बोल्ट पकडला, एकीकडून आणलं, उलट दिशेला सोडलं आणि बोल्ट हलायला लागेपर्यंतचा वेळ घड्याळात बघितला. गायडिंग स्पीड अर्धा साइडरियल (तारे सरकतात त्याच्या निम्मा) ठेवला तर एक सेकंद म्हणजे साडेसात आर्कसेकंद, त्यावरून बॅकलॅश सरळ निघतो. आधी बोल्ट बराच वेळ जागेवरच बसायचा, आता हात बटणावरून उचलायच्या आत हलतो. पूर्ण स्पीडला स्ल्यू करताना (दुर्बीण जोरात फिरवताना) मोटरचा आवाज एकसारखा येतो, मधेच सूर बदलत नाही.

डेकला क्लचची (अक्ष सैल-घट्ट करायची) रिंग निघत नाहीये. हेअर ड्रायरने गरम करून बघितली, टर्पेंटाइन सोडून रात्रभर ठेवली, ढिम्म. पट्ट्याचा पान्हा लावायचा विचार आहे पण रिंग पातळ आहे, दबून लंबगोल होईल अशी भीती वाटते. कुणी अशी अडकलेली रिंग काढली असेल तर कशी काढली ते प्लीज सांगा, तोपर्यंत मी जोर लावत नाही.